बसल्या जागी एकशेऐंशी

चपलेचा पट्टा लावायला बाई खाली वाकते आणि सरळ होईपर्यंत छातीत धडधड सुरू झालेली असते. ठोके इतके भराभर की मोजता येत नाहीत. गळ्याशी काहीतरी उडतंय असं वाटतं, हातापायांतलं बळ जातं, आवाज कापरा होतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, गॅस असेल, इनो घे. कुणी साखरपाणी देतं, कुणी पंखा वाढवतं. पाच मिनिटांनी म्हणा, पन्नास मिनिटांनी म्हणा, जसं अचानक सुरू झालं तसंच ते एका क्षणात थांबतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी ऐंशीवर आलेली असते, ईसीजी स्वच्छ निघतो आणि चिठ्ठीवर ॲसिडिटीची गोळी येते, नाहीतर झोपेची. वर फुकटचा सल्ला: टेन्शन घेऊ नका.

या प्रसंगात खोट बहुतेक वेळा मनात नसते, हृदयात असते; आणि तीही हृदयाच्या स्नायूत किंवा रक्तवाहिन्यांत नव्हे, तर ठोक्याचा विद्युतसंदेश ज्या वाटांनी फिरतो त्या वाटांत. डॉक्टर याला पीएसव्हीटी म्हणतात. लिऑनच्या बूव्हरे या फ्रेंच डॉक्टरने अशा झटक्यांचं नीट वर्णन १८८९ सालीच करून ठेवलं होतं, तेव्हा ईसीजीचं यंत्रही नव्हतं. रुग्णाची हकिगत कान देऊन ऐकली तर आजही निम्मं निदान तिथेच होतं.

अर्थात प्रत्येक धडधड पीएसव्हीटी नव्हे. ताप, जुलाबाने अंगातलं पाणी जाणं, रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, रिकाम्या पोटी ढोसलेलं एनर्जी ड्रिंक, अशा कितीतरी गोष्टींनी ठोके वाढतात. आपल्याकडे बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे की धडधडीची तक्रार आली की रक्त आणि थायरॉइड तपासलेच पाहिजेत. पण ही वाढ चढत चढत होते आणि उतरतेही हळूहळू. शिवाय तिला वयाची कमाल मर्यादा असते. २२० मधून वय वजा केलं की जीव तोडून पळणाऱ्या माणसाचे ठोके जास्तीत जास्त किती होतील याचा ढोबळ अंदाज मिळतो. पंचेचाळीस वर्षांची बाई खुर्चीत बसून मटार सोलताना तिची नाडी १८० वर गेली, तर ते घाबरण्याचं काम नाही. घाबरणं त्यानंतर आलेलं असतं.

जुने फिजिशियन एक साधी युक्ती करतात. "ठोके कसे पडत होते ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा." कुणी एकसारखं, घड्याळ लावून घ्यावं इतकं नियमित टकटक वाजवतो, तिथे पीएसव्हीटीचा संशय बळावतो. कुणी वेडंवाकडं वाजवतो, दोन जवळ, एक लांब, मध्येच तीन. साठीपुढच्या माणसाने असं वाजवलं तर डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशनचा विचार करतात. त्याचा धोका वेगळा असतो, कारण त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. कुणी एकच टक, मग थांबा, मग जोरात टक असं दाखवतो. तो बहुधा एखादा आगाऊ पडलेला ठोका असतो आणि निरोगी हृदयात त्याची काळजी करण्याचं कारण क्वचितच असतं. पाच सेकंदांची ही तपासणी. गर्दीच्या ओपीडीत तीही राहून जाते.

आता ही धडधड होते कशी ते पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. ठोक्याचा संदेश तिथे तयार होतो, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि खालच्या कप्प्यांत जाण्यासाठी त्याला एव्ही नोड या एकाच जागेतून उतरावं लागतं. तिथे तो साधारण सेकंदाचा दहावा भाग रेंगाळतो. तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ढकलून मोकळे होतात. एव्ही नोडचं सविस्तर वर्णन १९०६ साली सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीत मारबुर्ग इथे काम करताना केलं. सायनस नोडची गोष्ट त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात आर्थर कीथ पत्नीबरोबर सायकलवरून फिरून घरी परतले, तेव्हा मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापाशी त्यांची वाट पाहत होता. मोल नावाच्या, जमिनीखाली बिळं करून राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयात त्याला ही जागा दिसली होती. १९०७ मध्ये दोघांनी ती प्रसिद्ध केली.

पुष्कळ माणसांत एव्ही नोडकडे येणाऱ्या वाटा दोन असतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे असतात. मुंबई-पुणे प्रवास डोळ्यांसमोर आणा. एक्स्प्रेसवे जलद, पण तिथे ब्लॉक घेतला की मोकळा व्हायला वेळ लागतो. जुना हायवे संथ, पण बहुधा चालू. हृदयातली जलद वाट संदेश पटकन नेते, मात्र एक नेल्यावर दुसरा घ्यायला तिला विश्रांती लागते. संथ वाट रमतगमत नेते, पण पुढच्या संदेशासाठी लवकर तयार होते. रोजचा ठोका जलद वाटेने खाली उतरतो आणि विषय संपतो. कधीतरी एखादा ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा एक्स्प्रेसवे अजून बंद असतो, म्हणून हा आगाऊ ठोका जुन्या हायवेने निघतो. तो खाली पोहोचेपर्यंत एक्स्प्रेसवे मोकळा झालेला असतो. संदेश त्या वाटेने उलटा वर येतो आणि वर आला की पुन्हा जुन्या हायवेला लागतो. झाली चक्री सुरू. प्रत्येक फेरीगणिक एक ठोका, मिनिटाला १५० ते २५०. सायनस नोड बिचारा बाजूला पडतो. आता हुकूम त्याचा चालत नाही.

हा प्रकार पीएसव्हीटीत सर्वात जास्त आढळतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत साधारण दुपटीने दिसतो. वाकणं, झटकन उठणं, जेवण, चहा-कॉफी, जागरण, मासिक पाळीच्या आधीचे दिवस यांनी आगाऊ ठोके पडायला निमित्त मिळतं, एवढंच. पुष्कळदा निमित्तही सापडत नाही आणि ते शोधत बसण्यात लोक उगाच वर्षं घालवतात. वांगं बंद, दही बंद, लिफ्ट बंद. दोन वाटा जन्मजातच असतात. पथ्याने त्यांची एक होत नाही.

दुसरा प्रकार असा की वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा एक जास्तीचा धागा जन्मापासून राहून गेलेला असतो आणि चक्री त्यातून फिरते. काहींच्या ईसीजीत तो एरवीही दिसतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० साली असे ११ रुग्ण नोंदवले, एरवी धडधाकट आणि बहुतेक तरुण. म्हणून त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. यात क्वचित जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून तरुण मुलगा खेळता खेळता धडधडून बेशुद्ध पडला, तर 'ऊन लागलं असेल' म्हणून सोडून देऊ नये.

चक्री सुरू असताना शरीर दोन खुणा देतं आणि त्या कुणी विचारत नाही. पहिली गळ्याची. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आवळले जातात, मधली झडप बंद असते, त्यामुळे वरच्या कप्प्यातलं रक्त मानेच्या शिरांत उलटं उसळतं. समोरच्या माणसालाही गळा उडताना दिसतो. दुसरी खूण लघवीची. वरचे कप्पे ताणले गेले की ते एक संप्रेरक सोडतात, ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावतं. म्हणून झटका चालू असताना किंवा ओसरल्यावर भरपूर, पाण्यासारखी लघवी होते. बायका हे आपणहून सांगत नाहीत. धडधडीच्या तक्रारीत लघवीचं काय सांगायचं, असं त्यांना वाटतं. सांगावं.

न सांगितल्याचा, न ऐकल्याचा परिणाम काय होतो हे १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. पीएसव्हीटीचं निदान पक्कं झालेल्या १०७ जणांच्या जुन्या हकिगती तपासल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांची लक्षणं मानसोपचाराच्या पुस्तकातल्या पॅनिक डिसऑर्डरच्या व्याख्येत चपखल बसत होती. अर्ध्याहून अधिक जणांत पहिल्या तपासणीत आजार सुटला होता, आणि लक्षणांचं खापर मनावर फोडण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत बरंच जास्त होतं. आपल्याकडे असा अभ्यास केला तर चित्र फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही. पॅनिक अटॅक हा खरा आजार आहे आणि त्याला उपचारही आहेत. पण ठोके १८० वर असलेल्या माणसाची भीती हे त्या ठोक्यांचं फळ असू शकतं, हे आधी तपासायला हवं. उलटी चूकही होते. लांबलेल्या झटक्यात ईसीजीत असे बदल दिसतात, रक्ताच्या एका तपासणीचा आकडा थोडा असा वाढतो, की घरी 'हार्ट अटॅक आला' अशी बातमी पोहोचते आणि माणूस अँजिओग्राफीच्या टेबलावर जातो.

दोन्ही चुका टाळणारी वस्तू एकच, ती म्हणजे झटका सुरू असतानाची ईसीजीची पट्टी. नंतरची कामाची नाही असं नाही, पण चक्री थांबली की ती आपली खूण फारशी मागे ठेवत नाही. म्हणून झटका सुरू झाला की जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजीचं यंत्र आहे तिथे जावं. मोठं हॉस्पिटल गाठायला तासभर घालवू नये. दारातून आत जाताना 'छातीत कसंतरी होतंय' म्हणण्यापेक्षा 'ठोके आत्ता जोरात चालू आहेत, आधी ईसीजी काढा' म्हणावं. पट्टी मिळाली की तिचा फोटो फोनमध्ये ठेवावा, मूळ कागद साध्या कागदी पाकिटात; त्या कागदावरच्या रेघा उष्णतेने पुसट होतात. कोविडच्या साथीत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर तोही बोटाला लावावा आणि आकड्याचा व्हिडिओ काढावा. तो ईसीजी नव्हे, पण पडद्यावर १८६ दिसले की समोरचा डॉक्टर टेन्शनचं नाव काढत नाही. हल्ली काही मनगटी घड्याळं अर्ध्या मिनिटाची एका लीडची पट्टी काढतात. तीही उपयोगी पडते. २४ तास अंगावर बाळगायचं होल्टर यंत्र वर्षातून तीनदा झटका येणाऱ्याला फारसं उपयोगाचं नाही. त्या दिवशी झटका यायला तर हवा!

काही वेळा मात्र घरी काहीही करत बसू नये. डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळला, छातीत दुखतंय, धाप लागली आहे, पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा हृदयाचा दुसरा आजार आहे, बाई गरोदर आहे, अर्ध्या तासात धडधड थांबत नाही, किंवा हा पहिलाच झटका आहे: यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये.

ज्यांचं निदान झालंय आणि डॉक्टरांनी शिकवलंय, त्यांच्या हातात एक जुना उपाय आहे. इटलीतल्या इमोला गावच्या आंतोनिओ मारिया व्हाल्साल्व्हा यांनी १७०४ साली कानावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कानातला पू बाहेर काढण्यासाठी तोंड-नाक बंद करून जोर लावायला सांगितलं. विमान उतरताना कान मोकळे करायला आपण तेच करतो. हाच जोर हृदयाची चक्री तोडतो हे पुढे लक्षात आलं. जोर लावला की छातीतला दाब वाढून रक्तदाब उतरतो. सोडला की एकदम उसळतो. त्या उसळीला आवर घालण्यासाठी मेंदूकडून येणारी व्हेगस नस एव्ही नोडला क्षणभर दामटून धरते. चक्रीतली एकच फेरी अडली तरी पुरे, पुढची फेरी होतच नाही.

अडचण अशी की नुसता जोर लावून यश कमी वेळा येतं. २०१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात इंग्लंडमधल्या १० रुग्णालयांतला ४२८ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. निम्म्या लोकांना अर्धवट बसवून जोर लावायला सांगितलं. १७ टक्क्यांची चक्री तुटली. उरलेल्या निम्म्यांना जोर संपताक्षणी सपाट आडवं केलं आणि त्यांचे पाय उचलून धरले. ४३ टक्क्यांची तुटली. औषध नाही, यंत्र नाही, खर्च शून्य. पाय वर केल्याने पायांतलं रक्त हृदयाकडे परततं आणि व्हेगसची प्रतिक्रिया बळकट होते, एवढाच फरक.

कृती अशी. पलंगावर उशांना टेकून अर्धवट बसायचं. १० मिलिलिटरची रिकामी, सुई नसलेली सिरिंज तोंडात धरून तिचा दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं. गाल फुगवून उपयोग नाही, जोर पोटातून यायला हवा. चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा फुगतात. पंधरा म्हणताच घरच्यांनी उशा काढून रुग्णाला पाठीवर सपाट करायचं आणि दोन्ही पाय पलंगापासून ४५ अंशांवर उचलून १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा बसवून मिनिटभर थांबायचं. जमलं नाही तर आणखी एकदा. घरच्यांनी ही कवायत झटका नसताना एकदा करून पाहिलेली बरी, नाहीतर ऐन वेळी कोण पाय धरणार आणि कोण उशा ओढणार यावरून वाद होतात. डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी ती करू नये.

परातीत बर्फाचं पाणी घेऊन श्वास रोखून त्यात काही सेकंद चेहरा बुडवणं, हाही त्याच नसेला जागवण्याचा मार्ग. पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत ठोके मंदावतात, माणसातही थोडे मंदावतात. डोळ्यांची बुबुळं दाबण्याचा जुना उपाय मात्र कुणी सांगितला तरी करू नये, पडदा सुटू शकतो. मानेतली धमनी चोळणं डॉक्टरांवर सोडावं. वयस्क माणसाच्या त्या धमनीतला मेद सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात व्हायचा.

हे जमलं नाही तर कॅज्युअल्टीत ॲडिनोसिन. या औषधाची हृदयावरची करामत १९२९ साली केंब्रिजमध्ये ड्ररी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी हृदयाच्या स्नायूच्या अर्कातून शोधली. यातले सेंट-ग्यॉर्गी पुढे जीवनसत्त्व क-वरच्या कामासाठी नोबेलचे मानकरी ठरले. ॲडिनोसिन रक्तात दहा सेकंदही टिकत नाही, त्यामुळे ते देण्याची घाई पाहण्यासारखी असते. कोपराजवळच्या जाड शिरेत सुई, ईसीजीचा कागद चालू, एका हाताने ६ मिलिग्रॅम औषध झटक्यात आत आणि लगेच मागून सलाइनचा लोंढा, हात वर. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, चेहरा तापतो, आता संपलं असं वाटतं. चांगला डॉक्टर हे आधी सांगतो. कागदावर दोन-तीन सेकंद सरळ रेघ येते, नातेवाइकांनी ती न पाहिलेली बरी, आणि मग एक ठोका, दुसरा ठोका, नाडी ९०. सहाने नाही झालं तर बारा. दमा असेल तर आधी सांगायलाच हवं. आणि चहाही सांगावा. कॅफीन नेमकं याच औषधाची वाट अडवतं. पेशंटला धीर यावा म्हणून वाटेत पाजलेला कपभर कडक चहा डॉक्टरांच्या आड येऊ शकतो. गरोदरपणात हे औषध देता येतं.

झटके वर्षातून एखाददुसरे आणि थोडक्यात आटोपणारे असतील तर रोजची गोळी लागतेच असं नाही. वारंवार येत असतील तर मेटोप्रोलॉल, व्हेरापॅमिल अशा गोळ्यांनी ते कमी होतात, पुसले जात नाहीत. शेजारणीची गोळी अर्धी घेऊन पाहण्याचा प्रयोग इथे खास धोक्याचा, कारण डब्ल्यूपीडब्ल्यूच्या काही रुग्णांत व्हेरापॅमिल जिवावर बेतू शकतं.

कायमचा उपाय म्हणजे ॲब्लेशन. १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यविशारदांनी एका कोळ्याची छाती उघडून त्याच्या हृदयातला जास्तीचा धागा कापला आणि असा दोष कापून बरा होतो हे दाखवून दिलं. आज छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत सरकवतात, रुग्ण बहुधा जागा असतो. मग डॉक्टर मुद्दाम आगाऊ ठोके देऊन चक्री सुरू करतात. तीच ती धडधड टेबलावर पुन्हा उभी राहते आणि बऱ्याच बायका तेव्हा म्हणतात, "हेच, हेच ते!" वाट सापडली की तारेच्या टोकाने रेडिओलहरींच्या उष्णतेने काही मिलिमीटरचा भाग भाजून निकामी करतात. दोन वाटांच्या प्रकारात शंभरात पंच्याण्णवाहून अधिक लोक बरे होतात. धोका असा की शेजारचा एव्ही नोडच दुखावला तर पेसमेकर बसवावा लागतो. शंभरात एकापेक्षाही कमी जणांवर ही वेळ येते, पण सहीआधी तो आकडा आपल्या डॉक्टरला विचारावाच. खर्चाचं हॉस्पिटलागणिक वेगळं असतं. आपली केस सरकारी आरोग्य योजनेत बसते का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावं.

ॲब्लेशननंतर एक-दोन दिवसांत माणूस घरी येतो. पुढचे काही आठवडे मधूनच एखादा ठोका चुकतो, छातीत उडी बसते, आता सुरू होणार म्हणून हात आपसूक मनगटावर जातो. आगाऊ ठोके पडतच राहतात, त्यांना फिरायला वाट मात्र उरलेली नसते. खरोखरच पुन्हा चक्री सुरू झाली, थोड्या लोकांत होते, तर परत पट्टी काढायची आणि पुन्हा तार घालायची. दुसऱ्यांदाही ते करता येतं.